विंडोज ११ टाकलं आणि पेजमेकर गेलं: वीस वर्षांच्या मराठी फाइली अडकल्यात, मदत हवी

वाशिष्ठीकाठ | शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचत आलोय. लिहायची वेळ आज आली, तीही गळ्याशी आलं म्हणून.

चिपळूणला माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, देवस्थानांचे अहवाल, वर्षाकाठी एखादी स्मरणिका. जुळणी सगळी पेजमेकर ७ या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये, आणि मराठीसाठी डोंगल (फुकट नक्कल होऊ नये म्हणून मशीनला लावायची चावी) लावून चालणारं एक जुनं पॅकेज. मशीन २०१८ चं, आठव्या पिढीचं आय-५, त्यावर विंडोज १०. कुठेच काही अडत नव्हतं.

ऑक्टोबरात ओरड सुरू झाली की १४ तारखेनंतर दहाचे अपडेट बंद. भाचा इंजिनिअरिंगला आहे, दिवाळीला आला होता. म्हणाला, मामा, तुमचं मशीन अकराला पात्र आहे, मी करून देतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्याने नवीन एसएसडी बसवून अकरा टाकलं आणि संध्याकाळच्या गाडीने गेला. मशीन पळतंय मात्र झकास. बटण दाबून चहाचा कप उचलेपर्यंत सुरू.

पण पेजमेकर नाही. जुन्या डिस्कवरून त्याचं आख्खं फोल्डर कॉपी करून आणलं, तर सुरूच होत नाही. डोंगल लावलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण. मराठीचं पॅकेज म्हणतं डोंगल सापडत नाही, आणि डोंगल माझ्या डोळ्यांसमोर लुकलुकतंय.

नव्याने इन्स्टॉल करावं तर सीड्या नाहीत. २२ जुलै २०२१ च्या पुरात तो डबा वाशिष्ठीने नेला. संगणक रात्रीच माळ्यावर चढवला होता म्हणून वाचला, आणि डोंगल त्यालाच लावलेलं होतं म्हणून तेही वाचलं.

तुळशीची लग्नं लागली. पत्रिकांची गिऱ्हाइकं दारात उभी आहेत, पहिली पत्रिका १५ तारखेला द्यायचीय. भाच्याला फोन केला तर म्हणतो, मामा, पेजमेकर अजून कोण वापरतं?

काय करू?


वायरमन | ८ नोव्हेंबर, रात्री ११:१५

सगळ्यात आधी एक गोष्ट. ती काढलेली जुनी डिस्क कुठे आहे? जिथे असेल तिथे राहू द्या. फॉर्मॅट करू नका, 'बॅकअपला वापरतो' म्हणून भाच्याला देऊ नका, दुसऱ्या मशीनला लावून त्यावर काही लिहू नका.

मग एवढं सांगा: १) त्या डिस्कवरचं विंडोज १० हे ३२ बिट होतं की ६४? २) डोंगल यूएसबीचं आहे की प्रिंटरच्या जाड पोर्टचं? ३) नवीन मशीनची रॅम किती?


पेंग्विनप्रेमी | ८ नोव्हेंबर, रात्री ११:३१

या निमित्ताने लिनक्सच टाका ना. वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवायची सोय) बरेच जुने प्रोग्रॅम विंडोज ११ पेक्षा बरे चालतात, अतिशयोक्ती नाही. रोजची कटकट जाईल.


खिळेजुळारी | ९ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

पेंग्विनराव, त्यांना शनिवारपर्यंत पत्रिका द्यायचीय. डोंगलचा ड्रायव्हर वाइनमध्ये चालवून दाखवा, मी तुम्हाला सदाशिव पेठेत पुरणपोळी खिलवीन.


वाशिष्ठीकाठ | ९ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

@वायरमन, डिस्क टेबलाच्या खणात आहे, रुमालात गुंडाळून. भाच्याला फोनवर विचारलं. जुनं विंडोज ३२ बिट होतं. २०१८ साली मशीन घेतलं तेव्हा दुकानदाराने ६४ टाकून दिलं होतं, डोंगल चालेना म्हणून परत नेऊन ३२ टाकून घेतलं होतं. हे मी पार विसरलो होतो! डोंगल यूएसबीचं. रॅम ८ जीबी.

@खिळेजुळारी, पुरणपोळी मला मिळाली तरी चालेल.


वायरमन | ९ नोव्हेंबर, सकाळी १०:०२

बघा, २०१८ साली हेच दुखणं झालं होतं आणि त्यावर इलाजही तुम्हीच केला होता. विस्मरणात गेला एवढंच.

आता कारण सांगतो, कारण पुढचे सगळे उपाय त्यावर बेतलेले आहेत. विंडोज १० दोन प्रकारांत मिळायचं, ३२ आणि ६४ बिट. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचे प्रोग्रॅम चालतात, त्यासाठी आत वेगळी सोय केलेली असते. म्हणून पेजमेकर ७ हा मूळ प्रश्न नाहीच. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे ते दहा-६४ वर रोज चालतं, फक्त 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करावं लागतं. तुमचं सुरू होत नाही याचं कारण तुम्ही फोल्डर उचलून आणलंत. इन्स्टॉल करताना रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ज्या नोंदी होतात त्या फोल्डरबरोबर येत नाहीत.

अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे १६ बिट प्रोग्रॅम, डॉसच्या आणि विंडोज ३.१ च्या काळातले. ६४ बिट विंडोजवर ते अजिबात चालत नाहीत. कंपॅटिबिलिटी मोडमध्ये कितीही खुणा करा, उपयोग शून्य. गंमत अशी की काही प्रोग्रॅम स्वतः ३२ बिट असतात पण त्यांचा सेटअप १६ बिट असतो. मग वाटतं प्रोग्रॅमच चालत नाही.

दुसरं म्हणजे ड्रायव्हर (जोडलेल्या वस्तूची विंडोजशी ओळख करून देणारा प्रोग्रॅम), आणि तुमचं घोडं इथे अडलंय. ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतो, त्यामुळे तिथे ३२ बिटवाल्याला ६४ बिटवर प्रवेश नाही. शिवाय ६४ बिटच्या ड्रायव्हरवर मान्यताप्राप्त डिजिटल सही लागते. पॅकेज बनवणाऱ्यांनी ६४ बिटचा ड्रायव्हर काढला असेल तर सुटलात. आधी त्यांना फोन करून विचारा.


वाशिष्ठीकाठ | ९ नोव्हेंबर, दुपारी १:४०

फोन केला. ते म्हणतात, त्या आवृत्तीचा सपोर्ट बंद झालाय, नवीन घ्या. घेईनही, पण या हप्त्यात नाही. आणि नवीन घेतलं तरी जुन्या फाइली त्यात तशाच्या तशा उघडतील का, याला समोरचा मुलगा "उघडायला पाहिजेत" एवढंच म्हणाला.


खिळेजुळारी | ९ नोव्हेंबर, दुपारी ३:१८

'उघडायला पाहिजेत' या शब्दांवर मी आयुष्यात दोनदा विश्वास ठेवला. दोन्ही वेळा दिवाळी अंक होता.

मी १९९८ पासून डीटीपी (संगणकावर जुळणी) करते. वायरमन म्हणतात ते यंत्राच्या बाजूने बरोबर, पण तुमची खरी अडचण मजकुराच्या पोटात आहे. आपले ते जुने फॉन्ट युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक) नव्हेत. संगणकाला वाटतं त्याच्याकडे इंग्रजी अक्षरं आहेत. त्या इंग्रजी अक्षरांच्या जागी फॉन्टवाल्यांनी क चा दांडा, अर्धा स, काना, रफार असे तुकडे बसवले. प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने. फॉन्ट असेल तोवर 'श्री गणेशाय नमः' दिसतं. फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांचा काला.

म्हणून आज, आत्ता, कुठलाही उपाय करण्याआधी जुन्या डिस्कवरच्या विंडोज फोल्डरातलं 'फॉन्ट्स' फोल्डर आणि त्या मराठी पॅकेजचं अख्खं फोल्डर दोन ठिकाणी कॉपी करा. मजकूर गेला तर परत टाइप करता येतो. त्या आवृत्तीचा नेमका फॉन्ट गेला तर मजकूर हातात असूनही वाचता येत नाही.

दुसरं. कधी पेजमेकर सुरू झालं आणि फाइल उघडताना 'पॅनोज' नावाची खिडकी आली, की अमुक फॉन्ट नाही, त्याऐवजी तमुक लावू का, तर तिथे 'टेम्पररी' ठेवा. 'पर्मनंट' करून फाइल सेव्ह केली तर फॉन्टचं नावच फाइलमधून जातं. मग तो काला कोणत्या फॉन्टचा होता हे सांगायला कुणी उरत नाही. आमच्याकडे एका मुलाने दुपारच्या जेवणाआधी अशा चाळीस फाइली केल्या होत्या. जेवणानंतर कुणी कुणाशी बोललं नाही.

आणि डोंगल टायपिंगसाठी लागतं. जुनी फाइल नुसती उघडून छापायला बहुतेक वेळा फॉन्ट पुरतो. काही पॅकेजांत मात्र डोंगल असेल तरच फॉन्ट लोड होतात. तुमचं कुठल्या जातीचं ते बघा.


निवृत्त_शाखाधिकारी | ९ नोव्हेंबर, सायं. ५:५०

धाग्यात घुसतोय, क्षमस्व. आमच्या गावच्या पतसंस्थेत (मी आता फक्त सल्लागार आहे, चहापुरता) फॉक्सप्रोचा डॉसमधला प्रोग्रॅम १९९६ पासून चालू होता. आवर्त ठेव, व्याज, लाभांश, सगळं त्यात. नवीन मशीन आलं आणि प्रोग्रॅम म्हणाला, माझी आवृत्ती तुमच्या विंडोजशी जुळत नाही. लिहून देणारे गृहस्थ हयात नाहीत. वायरमन म्हणतात तो १६ बिटचा प्रकार हाच का? आणि सभासदांचे जुने हिशेब कसे बघायचे?


वायरमन | ९ नोव्हेंबर, सायं. ६:३०

हाच. दोन वाटा आहेत.

हिशेब नुसते बघायचे असतील तर डीबीएफ फाइली (फॉक्सप्रो माहिती ठेवतो त्या) लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये सरळ उघडतात. मूळ फाइल नव्हे, प्रत उघडा. चुकून सेव्ह झालं तर रचना बिघडू शकते.

प्रोग्रॅमच चालवायचा असेल तर डॉसबॉक्स बघा, तो नव्या मशीनवर जुनं डॉस उभं करतो. पण डॉसबॉक्स मुळात खेळांसाठी बनवलेला आहे. पतसंस्थेच्या पैशाचा रोजचा हिशेब त्यावर ठेवायला मी सांगणार नाही. व्हीडॉस नावाचा प्रकार अशा धंद्याच्या प्रोग्रॅमसाठीच काढलेला आहे, डॉट मॅट्रिक्सचं छापणंही त्यातून जमतं. तरी तुम्ही दोन महिने जुनं-नवं समांतर चालवा आणि ताळेबंद जुळतो का बघा. हे तुम्हाला मी काय सांगावं म्हणा.


निवृत्त_शाखाधिकारी | ९ नोव्हेंबर, सायं. ६:४४

कॅल्कमध्ये उघडलं! १९९६ सालचे सभासद दिसले. त्यातला क्रमांक ११ मीच. धन्यवाद. तुम्ही तुमचं चालू द्या.


उत्तरध्रुव | ९ नोव्हेंबर, रात्री ९:१०

टोरांटोहून. मॅकवाल्यांना हसू नका म्हणून आधीच सांगतो, आमच्याकडे याहून कडक कारभार. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकवर ३२ बिटचा प्रोग्रॅम चालतच नाही. विंडोज निदान ३२ बिट चालवून घेतं.

मला फटका असा बसला. इथल्या मराठी मंडळाच्या जुन्या स्मरणिका पेजमेकरमध्ये होत्या. पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइली उघडतात, त्यानंतरच्या सीसी आवृत्त्यांत ती सोय काढून टाकली. मॅकवरचं सीएस६ ३२ बिट. म्हणजे एका रात्रीत 'अपडेट नाऊ' दाबलं आणि पेजमेकर उघडणारा शेवटचा दरवाजा बंद. शेवटी एक जुना मॅक मिनी कॅटालिनाच्या आधीच्या मोजावेवर ठेवून दिलाय, त्याला इंटरनेट नाही. बायको त्याला देवघर म्हणते.

वाशिष्ठीकाठ, नुसता मजकूर बाहेर काढायचा असेल तर लिबरऑफिस ड्रॉ आणि स्क्रायबस हे दोन्ही फुकटचे प्रोग्रॅम पेजमेकरच्या फाइली उघडतात. मांडणी विस्कटते, चौकटी इकडच्या तिकडे जातात, पण मजकूर हाती लागतो. मी तसाच काढला. फॉन्ट मात्र लागतोच, वर ताईंनी सांगितलंय ते अगदी खरं.


वायरमन | १० नोव्हेंबर, सकाळी ८:१५

आता वाशिष्ठीकाठ यांच्यासाठी. सीडी नाही म्हणून नव्याने इन्स्टॉल करता येत नाही, पण खणातल्या डिस्कवर सगळं इन्स्टॉल केलेलं तयार आहे. ती डिस्कच उचलून नव्या मशीनच्या आत एक मशीन म्हणून चालवू.

जुनी डिस्क परत जोडून तिच्यावरून मशीन सुरू करा. बहुधा सुरू होणार नाही, कारण अकरासाठी भाच्याने बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) यूईएफआय, म्हणजे सुरू व्हायची नवी पद्धत, केलं असणार. तिथे सीएसएम किंवा लेगसी, म्हणजे जुनी पद्धत, चालू करा, काम झालं की परत पूर्वीसारखं. जुनं दहा सुरू झालं की मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं 'डिस्क२व्हीएचडी' चालवा, ते अख्ख्या डिस्कची एका फाइलीत (व्हीएचडी) नक्कल करतं. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. त्यात फक्त सी ड्राइव्ह आणि 'सिस्टम रिझर्व्ह्ड' यांवर खूण ठेवा, डी काढा. 'व्हीएचडीएक्स वापरा' ही खूणही काढा, साधी व्हीएचडी पाहिजे. फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवा.

मग अकरावर व्हर्च्युअलबॉक्स टाका, मशीनच्या आत मशीन चालवणारा प्रोग्रॅम तो हाच. नवीन मशीन बनवा: विंडोज १० (३२ बिट), रॅम ३ जीबी, ईएफआयची खूण नको, 'आधीची डिस्क वापरा' म्हणून ती व्हीएचडी द्या. नेटवर्क बंद. हे महत्त्वाचं आहे, आत जे विंडोज आहे त्याचे अपडेट संपलेत. डोंगल वरच्या मेनूतल्या यूएसबीत दिसेल, त्याच्यावर क्लिक केलं की बाहेरचं विंडोज त्याला सोडतं आणि आतलं पकडतं. आतलं ३२ बिट असल्याने जुना ड्रायव्हर चालायला पाहिजे.

('पाहिजे' म्हटलंय, ताई रागावू नका.)

आतलं विंडोज हार्डवेअर बदललं म्हणून पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागेल. मशीनबरोबर आलेलं लायसन्स असं दुसरीकडे चालवायला परवानगी नसते. रीतसर चावी घ्यावी हे माझं मत.


पेंग्विनप्रेमी | १० नोव्हेंबर, सकाळी ९:००

एवढा द्राविडी प्राणायाम करण्यापेक्षा जुनी डिस्कच लावून बसा की. अपडेट नसले तर नसले, नेट काढून टाका.


वायरमन | १० नोव्हेंबर, सकाळी ९:१२

चुकीचं नाही ते. १५ तारखेची पत्रिका अडली तर तेच करायचं. पण ती फिरत्या चकतीची डिस्क पूर्वीपासूनची आहे. ती गेली की सगळंच गेलं. व्हीएचडी ही फाइल आहे, तिच्या चार प्रती करून ठेवता येतात.


वाशिष्ठीकाठ | ११ नोव्हेंबर, रात्री ११:५५

अहवाल देतो.

सोमवारी दुपारी शटर अर्धं ओढून बसलो. जुनी डिस्क लावली, काळी स्क्रीन. बायॉसमध्ये सीएसएम सापडायला अर्धा तास, शेवटी 'बूट' नव्हे तर 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये होतं. मग माझं जुनं दहा उजाडलं. मागे परशुरामाच्या देवळाचा फोटो, सगळे आयकॉन जिथल्या तिथे. खरं सांगतो, माहेरी आलेल्या मुलीसारखं वाटलं.

डिस्क२व्हीएचडी लावलं. १२८ जीबीचा पेनड्राइव्ह होता, त्यावर उतरवायला सांगितलं. थोड्या वेळाने जागा नाही म्हणून थांबलं. जागा भरपूर होती! तासभर डोकं खाजवलं. मग भाच्याने फोनवर सांगितलं की तो पेनड्राइव्ह टीव्हीवर भजनं लावायला त्यानेच फॅट३२ केला होता, आणि फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. शेजारच्या फोटोवाल्याकडून मोठी डिस्क आणली, तिच्यावर उतरलं.

आज व्हर्च्युअलबॉक्स. पहिल्या फटक्यात सुरू झालं, पण इतकं संथ की माउस हलवला की बाण नंतर येतो. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात हिरवं कासव दिसतंय. हे काय असतं?


वायरमन | १२ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

कासव म्हणजे अकराने प्रोसेसरची व्हर्च्युअलची सोय आधीच स्वतःसाठी धरून ठेवलीय आणि व्हर्च्युअलबॉक्सला तिच्या मागून काम करावं लागतंय. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन, तिथे 'मेमरी इंटिग्रिटी' बंद करून मशीन परत सुरू करा. बहुतेक वेळा कासव जातं.

पण ती सोय सुरक्षेसाठी आहे. त्याच मशीनवर बँकेची कामं करत असाल तर मी म्हणेन ती चालू राहू द्या आणि संथपणा सोसा. पत्रिकेची दोन पानं जुळवायला वेग कितीसा लागतो?


वाशिष्ठीकाठ | १३ नोव्हेंबर, दुपारी ४:२५

झालं!!

मेमरी इंटिग्रिटी चालूच ठेवली. जीपे-बिपे सगळं त्याच मशीनवर आहे. आतल्या दहाला प्रोसेसरचे दोन कोअर दिले, जरा सुधारलं. डोंगल यूएसबीच्या यादीत दिसलं, क्लिक केलं, आत 'टिंग' वाजलं. आज दुपारी बारा वाजता पेजमेकर उघडून 'आमचे येथे श्रीकृपेकरून' टाइप केलं आणि ते मराठीतच उमटलं. समोर मुलीचे वडील बसले होते. त्यांना काय कळणार, ते म्हणाले, मामांचं नाव राहिलं बघा वरच्या ओळीत.

पीडीएफ पेजमेकरबरोबर आलेल्या जुन्या डिस्टिलरवरून केली, सामायिक फोल्डरातून बाहेर अकरात आणली आणि तिथल्या प्रिंटरवर ट्रेसिंग काढलं. फॉन्ट पीडीएफमध्येच बसलेले, त्यामुळे बाहेर काहीच अडलं नाही. व्हीएचडीच्या तीन प्रती केल्या. एक घरी, एक छापखान्यात, एक गुहागरला बहिणीकडे. तिच्याकडे पाणी चढत नाही.

@खिळेजुळारी, फॉन्ट्सचं फोल्डर पहिल्याच दिवशी कॉपी केलं होतं. पण तुम्ही म्हणालात ते डोक्यात राहिलंय. २००२ पासूनच्या फाइली आहेत. या युनिकोडमध्ये नेता येतील का? कन्व्हर्टर असतात म्हणे.


खिळेजुळारी | १३ नोव्हेंबर, रात्री ८:३०

असतात. काही चांगलेही असतात. पण कन्व्हर्टरने केलं आणि छापलं, असं करू नका.

का ते सांगते. 'कार्तिक' घ्या. जुन्या फॉन्टात आपण डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने अक्षरं मांडतो: क, काना, मग पहिली वेलांटी, मग त, वर रफार, शेवटी क. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: क, काना, र, पाय मोडायची खूण, त, वेलांटी, क. म्हणजे कन्व्हर्टरला नुसतं अक्षरामागे अक्षर बदलून भागत नाही. वेलांटी उचलून त च्या नंतर न्यायची आणि रफार उचलून त च्या आधी आणायचा. आळशी कन्व्हर्टर रफार जिथल्या तिथे टाकतो. मग पत्रिकेतली चि. सौ. कां. आर्या होते 'आयार्'. हे मी छापलेलं पाहिलंय, सोनेरी शाईत.

दुसरा सापळा खास आपला मराठीचा. अर्धा ऱ आणि रफार. हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेले कन्व्हर्टर दोन्हींचा रफारच करतात. मग 'कुऱ्हाड'ची 'कुर्हाड' होते, ती निदान डोळ्याला खुपते. पण 'दऱ्या'चं 'दर्या' झालं तर शब्द बरोबरच दिसतो, अर्थ डोंगरातून समुद्रात जातो. आणि 'आचार्यांचा सत्कार' की 'आचाऱ्यांचा सत्कार', हे मुद्रितशोधकच सांगेल, यंत्र नाही.

पेजमेकरला युनिकोड कळतच नाही, त्यामुळे बदललेला मजकूर परत पेजमेकरमध्ये नेऊ नका. इनडिझाइनच्या सीएस६ पासून आपल्या लिपी नीट बसतात, परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' लावायचा विसरू नका, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. फुकटात पाहिजे तर स्क्रायबस १.६ मध्ये देवनागरी चांगली बसते. फॉन्ट मुक्ता, बालू, नोटो, हवे तेवढे, सगळे खुले.

सगळ्या फाइली करत बसू नका. लग्नपत्रिका कशाला पाहिजेत? लग्नं लागून गेली. स्मरणिका, देवस्थानांचा इतिहास, जे पुन्हा कुणी मागेल तेवढंच. एक पान पाठवा, बरोबर फॉन्टचं नाव. मी करून देते, तुम्ही मूळ छापील अंकाशी ताडून बघा.


पेंग्विनप्रेमी | १३ नोव्हेंबर, रात्री ९:०२

वाइनमध्ये पेजमेकर लावून बघतोय. डोंगल अजून नाही. पण पुरणपोळीची ऑफर चालू आहे ना?


खिळेजुळारी | १३ नोव्हेंबर, रात्री ९:०५

होळीपर्यंत.


वाशिष्ठीकाठ | १९ नोव्हेंबर, रात्री १०:१०

पत्रिका १४ तारखेलाच गेली, मामांच्या नावासकट.

ताईंना आमच्या ग्रामदेवतेच्या २००४ सालच्या स्मरणिकेचं पान ९ पाठवलं होतं. काल त्यांनी युनिकोड करून दिलं. छापील अंक एकच शिल्लक होता, तोही पुराच्या पाण्याने फुगलेला. पानं उलटताना वाळलेला चिखल गळतो. बायकोने तो धरून वाचला, मी स्क्रीनवर ताडून बघितलं. अकरा दुरुस्त्या निघाल्या. नऊ रफाराच्या, एक अवतरण चिन्हाची. ती दहा पाठवली आहेत.

अकरावी अशी: "प. पू. आचाऱ्यांच्या शुभहस्ते दीपप्रज्वलन झाले." मी लगेच ताईंना लिहायला बसलो की बघा, तुम्ही म्हणालात तेच झालं, कन्व्हर्टरने आचार्यांना स्वयंपाकघरात पाठवलं. बायको म्हणाली, थांबा, छापील बघा. छापील अंकातही आचारीच आहेत. म्हणजे ती चूक आमची, २००४ सालची. हजार प्रती अशाच वाटल्या गेल्या आणि एकवीस वर्षांत कुणी बोललं नाही. आचार्यसुद्धा नाहीत.